कोण बसणार

"आपल्याच घरातनं नावं बाहेर चाललीत," असं म्हणत दादानं बूट पायरीवर आपटले. बुटांतली लाल माती आईनं नुकत्याच पुसलेल्या फरशीवर सांडली, पण आईनं नुसतं फडकं उचललं. एरवी एवढ्यावरून तिनं त्याला उभा-आडवा घेतला असता.

"कसली नावं?" मी विचारलं.

"बसणाऱ्यांची." त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मला आधी राग आला आणि मग उगीचच घाम फुटला. "तुला म्हाईत न्हाईत व्हय?"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, धैर्यशील इंगवले, बुरुजाकडील तालमीचा कॅप्टन. तालीम आणि फुटबॉल यांचा संबंध काय, असं कोल्हापूरबाहेरची माणसं हमखास विचारतात. आमच्याकडे तालमीच्या हौद्यात कुस्ती चालते आणि तालमीच्याच नावानं पोरं फुटबॉल खेळतात, आणि दोन पेठांत सामना असला की त्या दिवशी भाऊबंदसुद्धा एकमेकांना ओळख देत नाहीत. हंगामात चार-पाच चषक होतात. प्रत्येक चषकात आधी साखळी सामने आणि मग बाद फेरी. ज्या संघाची बाद फेरी आधीच पक्की झालेली असते, तो साखळीतल्या शेवटच्या सामन्यात आपली चांगली पोरं बसवतो. कुणाला कार्ड मिळू नये, कुणाचा पाय मुरगळू नये म्हणून. कोण बसणार हे सामना सुरू होईपर्यंत कुणालाही कळू द्यायचं नसतं. समोरच्याला कळलं तर तो नेमका कच्च्या बाजूनं घुसतो.

आणि तेच झालं होतं. आधीच्या दोन्ही चषकांत बुरुजाकडीलनं कुणाला बसवलं हे सामन्याआधीच गावभर झालं होतं. दुसऱ्या वेळी तर डावा बॅक संग्राम बसणार हे समोरच्यांना इतकं नीट माहीत होतं, की पहिल्या मिनिटापासून त्यांनी डावीकडूनच गाडी घातली. आम्ही हरलो.

"आणि ती नावं आली कुठनं, सांगू?" दादा म्हणाला. "कट्टा लीगमधनं. यशोधनच्या टीममधनं."

यशोधन सरनोबतशी माझं लग्न ठरलं होतं.

कट्टा लीग हा आमच्या मित्रमंडळींचा खेळ होता. यशोधननंच तो काढला होता. शिरोलीच्या एका फौंड्रीत तो कामाला होता, आकडेमोडीत हुशार आणि फुटबॉलचं वेड कपाळावर लिहिलेलं. प्रत्येकानं सामन्यांच्या आधी गावातल्या कुठल्याही तालमींचे अकरा खेळाडू निवडायचे आणि ग्रुपवर टाकायचे. त्यांनी गोल केले, गोल अडवले की आपल्याला गुण. निवडलेला खेळाडू बसला तर शून्य. त्यालाच आपण नाईक, म्हणजे दुप्पट गुणांचा म्होरक्या, नेमलं असेल तर उलटे गुण कापले जायचे. त्यामुळे साखळीच्या शेवटच्या सामन्यात कोण बसणार हे ज्याला ताडता येईल, त्याचाच चषक. आणि यशोधननं एखादा हुकमी खेळाडू अचानक वगळला, की तो बसणार हे ग्रुपवरून गावभर व्हायचं. बक्षीस म्हणजे बाकीच्यांनी मिळून घातलेली मिसळ. पण त्या मिसळीसाठी शिकलीसवरलेली माणसं एकमेकांच्या उरावर बसत. मीसुद्धा त्या लीगमध्ये होते, तिथंच आमची ओळख झाली. कॅप्टनची बहीण म्हणून मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, की मी बुरुजाकडीलचा एकही खेळाडू घेणार नाही. म्हणून मी कायम तळाला असायचे आणि त्याचा मला थोडा माजही होता.

"यशोधन अंदाज बांधतो," मी म्हणाले. "कुणाला कार्ड आहे, कुणाचा गुडघा दुखतोय, सगळं बघत असतो तो."

"संग्रामला कार्ड होतं?"

"नाही."

"गुडघा?"

"नाही."

"मग?"

मी आबांकडे बघितलं.

आबा, म्हणजे आमचे वडील, झोपाळ्यावर बसून होते. आबांविषयी सांगायचं तर बुरुजाकडीलमध्ये देवानंतर आबा. स्वतः खेळले, नंतर कितीतरी वर्षं संघ घडवला, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर आपणहून बाजूला झाले. आताचे कोच बापू त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. आबा बोलू लागले की पेठेत दुसरं कुणी तोंड उघडत नसे. आमच्या घरात तर नाहीच.

"धैर्या, आवाज खाली," आबा म्हणाले. "पोरीची जात आहे. फोनवर बोलण्याच्या ओघात गेलं असंल काहीतरी तोंडातनं. तिनं मुद्दाम न्हाई केलं."

"आबा, मी काही बोललेच नाही!"

"बरं बरं," आबा म्हणाले. लहान मुलाला थोपटावं तसं म्हणाले ते, आणि तेच मला जास्त झोंबलं.

दादानं मग खरं काय ते सांगितलं. बापूंनी त्याला तालमीत सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, की पुढच्या चषकात पुन्हा नावं फुटली तर कॅप्टनचा पट्टा दुसऱ्याच्या दंडाला. "आणि मृणे, एक ऐकून ठेव. तो माणूस नावांसाठी आपल्या घरात येतोय असं निघालं, तर हे लग्न होणार न्हाई. मी होऊ देणार न्हाई."

"अरे, हॉल ठरलाय," आई एवढंच म्हणाली.

संशय ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. तो येईपर्यंत जे गोड वाटत असतं, तेच तो आल्यावर कडू लागतं. यशोधन रोज फोन करायचा. आधी माझी विचारपूस, मग हळूच, "दादा जेवले का? आज लवकर आले का सरावावरनं? लंगडत नव्हते ना?" किती जीव लावतो हा माझ्या माणसांना, असं मला वाटायचं. आता त्याच प्रश्नांनी माझ्या मनात पाल चुकचुकली. तो माझ्याशी बोलत होता, की माझ्याकडून दादापर्यंत पोहोचत होता? मी आठवून आठवून बघितलं, की कधी माझ्या तोंडून काही निसटलं का. संग्रामचं नाव मी कधी घेतल्याचं मला आठवेना. पण संशयी माणूस शेवटी स्वतःच्या आठवणीवरही संशय घेतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर (मी तेव्हा एका शाळेत चित्रकला शिकवत होते) मी त्याला शाळेजवळच्या हॉटेलात बोलावलं आणि चहा यायच्या आत विचारलं, "तुला नावं कोण सांगतं?"

तो हसला. "कुणी सांगायला कशाला पाहिजे? डोकं आहे की."

"संग्राम डोक्यानं कळला?"

चहा आला. त्यानं साखर घातलेल्याच चहात पुन्हा साखर घातली आणि चमचा फिरवत बसला. "नशीब म्हण हवं तर."

"यशोधन, मी मस्करी करत नाहीये. घरी माझं नाव आलंय. दादाचा पट्टा जायची वेळ आलीय. कुणी सांगत असेल तर मला सांग. मी त्या माणसाला काही म्हणणार नाही."

त्यानं चमचा बशीत ठेवला. मग म्हणाला, "माझ्यावर विश्वास न्हाई का तुझा?"

हे उत्तर नव्हतं, हे मला तिथंच कळलं. ज्याच्याकडे उत्तर असतं तो विश्वासाची गोष्ट काढत नाही. पण मी 'आहे' म्हणाले. लग्न ठरलेल्या मुली जे म्हणतात ते मी म्हणाले, आणि घरी येईपर्यंत स्वतःलाच शिव्या घातल्या.

एक सांगायचं राहिलं. यशोधनची आणखी एक सवय मला फार आवडायची. सामन्यांच्या दिवसांत तो संध्याकाळी स्कूटर घेऊन यायचा आणि आबांना रंकाळ्यावर फिरवून आणायचा. गुडघ्यांमुळे आबांना एकट्यानं जाता येत नसे, दादाला वेळ नसे. होणारा जावई सासऱ्याला जिना उतरायला हात देतोय, हे बघून आमच्या गल्लीतल्या बायका आईला म्हणायच्या, "नशीब काढलं हो पोरीनं." आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही यायचं, खोटं कशाला बोलू.

तिसरा चषक सुरू झाला. बुरुजाकडीलनं पहिलेच सामने असे मारले, की शेवटचा साखळी सामना खेळायच्या आधीच बाद फेरी पक्की झाली. म्हणजे पुन्हा पोरं बसणार. पेठेत सगळे एकमेकांकडे तिरके बघायला लागले. तालमीच्या कट्ट्यावर मी दिसले की पोरं बोलता बोलता थांबायची. एकानं तर मोठ्यांदा म्हटलं, "हळू रं, वहिनीसाहेब चालल्यात सरनोबतांच्या." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घरी आल्यावर उशीत तोंड खुपसून रडले.

सामन्याच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. दादा पाणी प्यायला आला आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "उद्या संग्रामला बसवणार हाय. पोटात ठेव."

मी चकित झाले. इतक्या दिवसांत तो माझ्याशी धड बोललाही नव्हता. "मला कशाला सांगतोस?"

"तुझ्यावर विश्वास हाय म्हणून." आणि तो निघून गेला.

मला इतकं बरं वाटलं, की त्या संध्याकाळी यशोधनचा फोन आला तेव्हा मी उचललाच नाही. न जाणो, आवाजातूनसुद्धा काहीतरी जायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे शाहू स्टेडियमवर गेलो. आबांची जागा ठरलेली, पॅव्हेलियनच्या बाजूला, बुरुजाकडीलच्या बाकड्याच्या बरोबर वर. यशोधननं त्यांना धरून तिथं बसवलं, त्यांच्या पाठीशी घडी केलेलं पोतं ठेवलं आणि स्वतः मित्रांकडे गेला. मी आबांच्या शेजारी बसले. संघ मैदानात उतरायच्या जरा आधी ग्रुपवर एकेकाच्या टीम पडायला लागल्या. यशोधनची टीम आली आणि मी धसकून वाचली.

संग्राम त्याच्या टीममध्ये होता. माझा जीव भांड्यात पडला. नाव फुटलं नव्हतं. मी हसून आबांकडे बघितलं, आबा मैदानाकडे बघत होते. मग मी पुढं वाचलं. हाफला खेळणारा दिग्विजय नव्हता. गोलकीपर अफजल नव्हता. आणि नाईक म्हणून यशोधननं घेतला होता पिंटू, बुरुजाकडीलचा दुसरा गोलकीपर. त्या बिचाऱ्यानं त्या हंगामात एकही सामना खेळलेला नव्हता. कट्टा लीगमध्ये त्याचं नाव तेव्हापर्यंत कुणी घेतलंसुद्धा नव्हतं.

भोंग्यावरून संघांची नावं सुरू झाली. "बुरुजाकडील तालीम मंडळ. गोलरक्षक..." आणि पिंटूचं नाव आलं. संग्राम खेळत होता. अफजल आणि दिग्विजय पाण्याच्या बाटल्यांशेजारी बसले होते. मैदानातून दादानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. इतक्या लांबूनही मला ते बघणं कळलं, फक्त त्यात राग होता की आणखी काही, ते कळलं नाही.

अंदाज कितीही चांगला असला तरी बदली गोलकीपरला कुणी नाईक करत नाही. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आणि मी नव्हते, कारण मला तर संग्रामचं सांगितलं होतं. मग कोण? बापू? बापू स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतील? दादा? मी अक्षरशः सगळ्या पेठेला एकेक करून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आईलासुद्धा.

उत्तरार्धात आमच्या पोरांची दमछाक व्हायला लागली. उजवीकडून निहाल फॉरवर्डला पळत होता, त्याचे पाय जड झालेले सगळ्यांना दिसत होते. खाली बापू उभे राहिले. त्यांनी बाकड्याकडे बघितलं नाही, मैदानाकडे बघितलं नाही. त्यांनी वळून वर बघितलं.

माझ्या शेजारी आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

बापूंनी लगेच हात केला आणि निहाल बाहेर आला.

आबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. आयुष्यभर मी या माणसाच्या शेजारी बसून सामने बघितले होते. उकडतंय म्हणून टोपी काढतात, असं मला वाटायचं. आता मला आणखी एक गोष्ट आठवली. बापूंच्या म्हशी होत्या आणि आमच्याकडे दूध त्यांच्याकडूनच यायचं. एरवी गडी दूध घालायचा. पण सामन्याच्या आदल्या सकाळी बापू स्वतः यायचे, आणि दूध आईच्या हातात दिल्यावर आबांच्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचे. गुरूच्या पाया पडायला येतात, असं आई कौतुकानं सांगायची.

संघ बापू निवडत नव्हते. आबा निवडत होते. कोण बसणार हे आमच्याच घरात, लोटलेल्या दाराआड ठरत होतं.

सामना बरोबरीत सुटला. गर्दी ओसरेपर्यंत यशोधन आबांना घेऊन गेलासुद्धा, नेहमीप्रमाणे रंकाळ्यावर. दादा कपडे बदलून आला आणि मला स्टेडियमच्या भिंतीपाशी बाजूला घेतलं.

"तू न्हाईस," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तुला संग्राम सांगितला होता. आईला निहाल सांगितला होता. दोन्ही खोटं. त्याच्या टीममध्ये दोघंबी होते. म्हणजे तू न्हाईस आणि आईबी न्हाई."

मला समजायला क्षणभर लागलं. "विश्वास आहे म्हणालास मला. भाकरी थापत होते मी. तेव्हा तू मला तपासत होतास?"

"तपासायला लागतंय गं. माझा पट्टा..."

"आणि आईला? आईला तपासलंस?"

त्यानं मान खाली घातली. एवढा धिप्पाड माणूस, भिंतीच्या कडेला उभा राहून पायानं माती उकरत होता. मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी एक ठेवून द्यावीशी वाटली.

"अफजल आणि दिग्या," तो म्हणाला, "हे फक्त मला आणि बापूंना ठाऊक. बापूंनी मला सकाळी कानात सांगितलं. मग फुटलं कुठनं?"

"आणि आबांना," मी म्हणाले.

"आबांना कोण कशाला सांगंल?"

मी त्याला टोपीचं सांगितलं. दुधाचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं होतं तो माझ्यावर ओरडेल, आबांचं नाव घेतेस म्हणून. पण तो फक्त म्हणाला, "म्हणजे संघ बापूबी निवडत न्हाईत. मला वाटायचं बापू मला विचारतात." आणि मग, "मी सांगायचो ना बापूंना, हा बसवा, तो खेळवा. ते मान डोलवायचे."

"गाडी काढ," मी म्हणाले.

रंकाळ्याच्या कठड्यावर आबा बसले होते, हातात भेळेचा पुडा. यशोधन शेजारी उभा राहून काहीतरी सांगत होता आणि आबा खळखळून हसत होते. आबांना घरात असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. आम्हाला बघून यशोधनचं वाक्य अर्धवट राहिलं.

"पिंटूचं नाव आबांनी दिलं ना?" मी यशोधनला विचारलं.

त्यानं आबांकडे बघितलं.

"त्याला काय विचारतीस?" आबा म्हणाले. पुडा त्यांनी शांतपणे बाजूला ठेवला. "मला विचार. व्हय, मी दिलं. संग्रामचंबी मीच दिलं होतं. त्याच्या आधीचीबी."

दादा म्हणाला, "आबा, पेठ हरली त्या दिवशी."

"एका साखळी सामन्यात हरली. चषक आपणच घेतला न्हवं?" आबांचा आवाज तोच, झोपाळ्यावरचा. "जावई करून घ्यायचा माणूस हाय. कानात सांगितलेलं पोटात राहतंय का, ते बघत होतो. एकदा सांगितलं, त्यानं वापरलं. दुसऱ्यांदा सांगितलं, पुन्हा वापरलं. म्हटलं तिसऱ्यांदा तरी शहाणा होतोय का बघू."

यशोधन पांढराफटक पडला. "आबा, तुम्हीच म्हणाला होता. घे, तुझ्या खेळाला उपयोगी पडंल म्हणून. तुम्ही खूश व्हायचा मी जिंकलो की. फक्त कुणी दिलं ते सांगू नको, एवढंच म्हणाला होता."

आबांनी पाण्याकडे तोंड फिरवलं.

आबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते खरंच परीक्षा घेत होते, की पकडले गेल्यावर ते उत्तर त्यांना सुचलं, हे मला आजही ठाऊक नाही. कधी वाटतं, सगळा संघ आपण चालवतो हे ज्याला सांगता येईल असा एक तरी माणूस त्यांना हवा होता. दादाला सांगितलं असतं तर दादाचा आब गेला असता, पेठेला सांगितलं असतं तर बापूंचा. परक्या पेठेतला हा पोरगा तेवढा सोयीचा होता. पण त्या संध्याकाळी मला हा सगळा विचार करायचा नव्हता. मला इतकाच विचार करायचा होता, की आठवडेच्या आठवडे कट्ट्यावरची पोरं मला बघून गप्प झाली, आणि तेव्हा या दोघांना खरं ठाऊक होतं.

"आबा," मी म्हणाले, "घरी माझं नाव निघालं तेव्हा तुम्ही म्हणालात, पोरीची जात आहे, गेलं असंल तोंडातनं."

"तुला वाचवायलाच म्हणालो."

"कुणापासून?"

यावर आबांनी टोपी काढली, पण ती कुठं ठेवावी ते त्यांना कळेना. दादा कठड्याला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मृणे, मी बापूंना सांगतो. पट्ट्याचं बघतो मी. तू चल घरी."

"पट्ट्याचं नको बघूस. पट्टा तुझाच राहणार. माझ्या नावाचं कोण बघणार?" मग मी यशोधनकडे वळले. मी रडत नव्हते. मला वाटलं होतं रडेन, पण आवाज अगदी साधा निघाला. "उद्या सकाळी तालमीत सराव असतो. तू तिथं चल. सगळ्यांसमोर म्हण, मृणालनं मला एकही नाव दिलं नाही. कुणी दिलं ते नको सांगूस. आबांचं नाव नको घेऊस. एवढंच म्हण."

"उद्या?" यशोधन म्हणाला.

"उद्या."

"लगेच पुढचा प्रश्न येईल गं. मग कुणी दिलं म्हणतील. मी काय सांगू? आबांना शब्द दिलाय मी. थोडे दिवस जाऊ दे. लग्न झालं की लोक विसरतात." तो जवळ आला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि तो वाईट माणूस नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. "त्या दिवशी चहा पिताना तू विचारलंस तेव्हा पार जिभेवर आलं होतं माझ्या. पण म्हटलं, आबा मला बाहेरचे. त्यांचा मान राखायला पाहिजे. तू काय, तू घरचीच. तू समजून घेशील."

आबांनी मान हलवली. हो, बरोबर आहे, अशी हलवली. दादानंसुद्धा हलवली, बहुधा सवयीनं. तिघांनाही ते वाक्य पटलं होतं.

"घरची अजून झाले नाही, यशोधन," मी म्हणाले.

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यानं आबांकडे बघितलं, आबांनी दादाकडे. मी गाडीपाशी जाऊन उभी राहिले. दादा बराच वेळ आला नाही, तेव्हा मी रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला घराचा नाही, सामन्यानंतर पोरं जमतात त्या तालमीचा पत्ता सांगितला.